पंचाक्षरी वैद्यांची जीभ

तिन्ही बाटल्यांतला काढा पंचाक्षरी वैद्यांना सारखाच लागला. म्हणजे पाण्यासारखा.

तरी त्यांनी डोळे मिटून शेवटचा घोट टाळूला लावला, मान डोलावली आणि 'हं' म्हटलं. त्या सगळ्यात तेवढं 'हं' काय ते भारदस्त होतं. समोर हैदराबादहून आलेले तपासनीस साहेब मांडीवर एक बंद लखोटा ठेवून बसले होते. जपान्यांनी जावा बेट घेतल्यापासून तिथून येणारं हिवतापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं. सरकारी दवाखान्यांना त्याच्याऐवजी गुळवेलीचा काढा हवा होता. काढा करणारे गावोगाव उगवले, आणि त्यांच्या मागोमाग त्यात पाणी घालणारेही उगवले.

म्हणून साहेबांनी तीन काढे हैदराबादेतच तपासून आणले होते. सुकवून तोलले होते, काचेच्या नळ्यांत तेजाब टाकून त्यांचे रंग पाहिले होते. एक अस्सल, एक पाणी घातलेला, एक करपलेला. कोणत्या बाटलीत कोणता, हे लखोट्यात लिहिलेलं होतं. वैद्यांनी नुसत्या जिभेनं ओळखलं, तर त्यांच्या गावचा, येरमाळ्याचा काढा त्यांच्या शब्दावर दवाखान्यांत जाणार होता. चुकले तर काढा करायलाच बंदी.

आणि जीभ तर नऊ वर्षांपूर्वीच गेली होती. विषमाचा ताप उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. वैद्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ज्याला कडू-गोड कळत नाही, त्या वैद्याचा काढा कोण पिणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला त्यांनी एक चालही काढली होती. नव्या काढ्याचा पहिला घोट वैद्याचा, दुसरा घरधनिणीचा. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय, असं ते बेधडक सांगत. नागूबाई घोट घेई आणि वैद्य चोरून तिच्या तोंडाकडे बघत. भुवया जुळल्या, काढा उत्तम. ओठाचं एक टोक मुरडलं, काढा पाणचट. डोळे गच्च मिटून खांदा उडाला, म्हणजे करपला. मग वैद्य घसा खाकरून निकाल देत. नऊ वर्षांत त्यांचा निकाल एकदाही चुकला नव्हता.

आज मात्र नागूबाई आत चुलीपाशी होती. वैद्यांनी समोर होतं त्या तोंडावर भागवायचं ठरवलं.

"साहेब, पाहुण्याला सोडून आमी एकट्यानं चाखावं, हे काय बरं दिसत न्हाय. तुमीबी एकेक घोट घ्या."

साहेब हसले. त्यांनी तिन्ही बाटल्यांतला एकेक घोट घेतला. वैद्य टक लावून बघत राहिले. साहेबांचा चेहरा चुना दिलेल्या भिंतीसारखा कोरा.

"बीस साल से कोयनेल चखरा मैं, वैद्यजी," साहेब म्हणाले. "कडवे से मेरा मुंह हिलताच नई."

वैद्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मग... मग घराण्याची चाल तेवढी पाळू द्या, साहेब. दुसरा घोट घरधनिणीचा असतोय."

"आने दो. मगर एक लफ्ज बोलना नक्को."

नागूबाई पदर सावरत बाहेर आली. तिला बघून वैद्यांचा जीव भांड्यात पडला. पहिला घोट, आणि डोळे गच्च मिटून खांदा उडाला. दुसरा घोट, ओठाचं टोक मुरडलं. तिसऱ्याला भुवया अशा जुळल्या की मधे मोहरी ठेवली असती तर चिरडली असती. नागूबाई एक शब्द न बोलता आत गेली.

वैद्यांनी घसा खाकरला. "पहिला करपलेला. दुसऱ्यात पाणी. तिसरा अस्सल."

साहेबांनी लखोटा फोडला, वाचला आणि उठून वैद्यांचे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या नळ्यांना तीन दिवस लागले आणि तुमच्या जिभेला तीन घोट, असं म्हणत त्यांनी तिथंच मंजुरी लिहून दिली. साहेबांचा टांगा येडशीच्या स्टेशनाकडे निघून गेला.

वैद्य ओट्यावर शेंगा फोडत बसले. आनंद पोटात मावत नव्हता. नागूबाई शेजारी येऊन टेकली.

"काय पण माणूस!" वैद्य म्हणाले. "तोंडावरची रेघ हलली न्हाय. लई मुरलेला गडी."

"रोज चाखल्यावर कुणाचंबी तोंड हलत न्हाय," नागूबाई म्हणाली.

"व्हय, व्हय," म्हणत वैद्यांनी शेंग तोंडाशी नेली आणि हात तिथंच थांबला. नागूबाईही नऊ वर्षं रोजच चाखत होती.

"नागू... मग तुझं कसं हलतंय?"

"माझंबी पहिल्याच वर्सी थांबलं की. कडू, पाणचट समदं कळतंय, पण तोंड हलंना. अन् तुमी आपलं बघताय, बघताय, तोंड एवढंसं करून बघताय. मला बघवंना."

"म्हंजे तुला ठावं हाय?"

"बिनमिठाच्या आमटीला 'वा' म्हणला होता तुमी. तवाच कळलं."

वैद्यांना लाज वाटली, रडू आलं आणि हसूही आलं. तिन्ही एकदमच. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मग ते भुवया जुळवणं, खांदा उडवणं?"

"आरशात बघून शिकले," नागूबाई शेंगांची टरफलं गोळा करत म्हणाली. "रोज कुंकू लावायच्या आधी तिन्ही तोंडं एकदा करून बघते. तुमची जीभ चुकायला नगं."