ओळख न दाखवणारं घुबड

घुबड आज हाकेला आलं, तर फायदा त्याला भरवणाऱ्या पोरीचा, चिमणीचाच होता. माणसाळलेलं घुबड रानात सोडत नाहीत. ते जन्मभर केंद्राच्या पिंजऱ्यात राहिलं असतं आणि हिला मनात येईल तेव्हा भेटता आलं असतं. नाही आलं, तर ते सुटणार आणि हिच्या वाट्याला झाडू तेवढा उरणार. फायद्याशिवाय घरातला कचराही बाहेर न टाकणारी ही पोरगी, पण दुपारपासून देवाची विनवणी करत होती, ‘नको येऊ दे रे बाबा.’

जखमी पशुपक्ष्यांच्या या केंद्रात ती आली होती कॉलेजात दाखवायच्या समाजसेवेच्या दाखल्यासाठी. अखंड चिवचिवाटामुळे ‘चिमणी’ झाली. मग कुणीतरी घरट्यातून पडलेलं घुबडाचं पिल्लू आणून दिलं, ते तिच्याकडे आलं. भरवण्याचा नियम कडक होता. अंगावर चादर, तोंडाला फडकं आणि शब्द एकही नाही. माणसाचा आवाज आणि घास यांची पिल्लाच्या डोक्यात एकदा गाठ बसली, की ते पुढे माणसांच्याच दारात घास मागायला उतरतं. माणसं दगड मारतात.

चादर तिने घेतली. फडकंही बांधलं. पण फडक्यातून आवाज जातो की! “खा रे ठोंब्या, खा रे माझ्या राजा,” हे रोजचं.

“काय गं,” संध्याकाळी उडायच्या मोठ्या पिंजऱ्यापाशी केंद्राच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “भरवताना तोंड बंद होतं ना तुझं?”

चिमणीने मान खाली घातली.

“तिचं तोंड?” पिंजरे झाडणारे काका मागून म्हणाले. “मॅडम, ही झोपेतसुद्धा गप्प बसत नसेल.”

“वाटलंच मला. हातमोजा घाल, मांसाचा तुकडा घे आणि आत जा. हाक मार. नेहमीच्या आवाजात हं, घसा खरवडून फसवायचं नाही. त्यालाही नाही, मलाही नाही.”

चिमणी आत गेली. घुबड वरच्या दांडीवर बसलं होतं. तिने तुकडा पुढे धरला. खोटा आवाज काढायचा मोह गळ्यापर्यंत आला, तो तिने गिळला.

“ये रे ठोंब्या. ये माझ्या राजा.”

घुबडाने पांढरं तोंड तिच्याकडे वळवलं. डावीकडे झुललं, उजवीकडे झुललं. आणि पंखांचा आवाजही न करता थेट तिच्याकडे निघालं.

‘झालं,’ तिला वाटलं. ‘मीच अडकवलं याला.’

पुढच्या क्षणी फिसकारा ऐकू आला आणि मोज्याच्या वर, कोपरापाशी, नख्या रुतल्या. तुकडा खाली पडला. घुबडाने त्याकडे पाहिलंही नाही. उलट फिरून ते दूरच्या कोपऱ्यात जाऊन बसलं आणि तिथूनही चोच वाजवत राहिलं.

“उघडा!” डॉक्टरीणबाई ओरडल्या.

काकांनी दोर ओढला, वरची झडप उघडली. घुबड एकदाच वर झेपावलं आणि झाडांच्या रेषेपलीकडे दिसेनासं झालं. मागे वळून बघणं वगैरे काही नाही.

“ओळखलंच नाही मेल्याने!” चिमणी ओरडली. बाही रक्ताने भिजली होती आणि ती हसत होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी. “मॅडम, बघितलंत? शत्रू समजला मला!”

“बघितलं. हात इकडे कर.”

“दुसरं पिल्लू कधी येईल?”

“आधी जखम धुऊ दे.”

घुबडाला अख्खं आभाळ मिळालं. टाके आणि धनुर्वाताची सुई चिमणीच्या वाट्याला आली, आणि जन्मात पहिल्यांदाच तिने घासाघीस केली नाही.