सांबाऱ्यांचं झाड

अकोल्यात जठारपेठेतल्या हॉलवर सांबारे कुळाचा मेळावा भरला होता. स्टेजवर वंशावळीचा भलामोठा फ्लेक्स, आणि त्यावर देवीदास सांबारेच्या नावाखाली छापलेलं: निर्वंश. त्याची पोरगी रागिणी ते वाचून पेटलीच. बापाला खांदा दिला तो तिनं आणि तिच्या बहिणींनी. हा शब्द बापाच्या नावाखाली ठेवून ती घरी जाणार नव्हती. थेट स्टेजवर चढली.

"काका, आमी तिघी बहिणी जित्या हाओ. मंग निर्वंश काहून?"

अध्यक्ष नत्थुजी हसले. "पोरीईनं वंश चालत नाही, बाई. बापाकडून लेकाकडं जाते आडनाव."

"आपल्याले कोनाकडून आलं?"

ही तर नत्थुजींची लाडकी कथा, सांबाराची म्हणजे कोथिंबिरीची. त्यांनी माइक ओढला. "काशीबुढीकडून! डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव सांबार विकला तिनं. लोकं तिच्या लेकराईले सांबारवालीचे म्हणत. तेच आपण सांबारे."

"अन् तिचा नवरा?"

"तो पयून गेल्ता. त्याचं नाव कोनाले मालूम?"

आपण काय बोलून बसलो ते नत्थुजींना कळेपर्यंत बायकांच्या बाजूला हशा उसळला होता. रागिणीनं मार्कर घेतला, निर्वंश खोडलं, तिघींची नावं ठसठशीत लिहिली. वळून पाहते तर मागं बायकांची रांग. सगळ्यात पुढं नत्थुजींची बायको मनकर्णा, पदर खोचून.

"सरक बाई," ती म्हणाली, "या बुढ्यानं माह्या दोघी गाळल्या."