नावावरची वेल

भागवतनं मशीनचं पेन बंद केलं, तरी त्याचा पंजा थरथरतच राहिला. लग्नसराई होती. सकाळपासून स्टीलच्या ताटांवर नावं टाकून टाकून बोटं बधिर झाली होती. मलकापुरातल्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर तो हात झटकत बसला, तेवढ्यात समोर एक पोतं आदळलं.

पोतं आणणारे उत्तमराव धामणगाव बढ्याहून एसटीनं आले होते. सोबत थोरली मुलगी अर्पिता. त्यांनी एकेक पितळी भांडं बाहेर काढलं. परात, डबे, पाण्याचा गुंड. प्रत्येकावर एकच नाव आणि त्याखाली ‘आई-बाबांकडून’.

“हे वरचं नाव काढून टाका अन् योगिनी टाका,” उत्तमराव म्हणाले. “धाकटीचं लगन हाय. खालचं राहू द्या.”

भागवतनं परातीवरचं नाव वाचलं. “ही अर्पिता कोन?”

“मीच,” ती म्हणाली. “भांडे वापस आले. मी पन.”

उत्तमराव रस्त्याकडं बघत होते. “नव्या सोयऱ्याइनं हे नाव पाह्यलं तं बोलतीन. फारकतीचे भांडे देल्ले म्हनतीन.”

भागवतनं अक्षरांवरून अंगठा फिरवला. बधिर अंगठ्याला काही लागेना, म्हणून त्यानं नख फिरवलं.

“मशीनचं असतं तं पालिश मारून गेलं असतं. हे छिन्नीनं कोरेल हाय, खोल. घासत बसलो तं पितळ पातळ होईन. गुंड गळन.”

“मंग?”

“वेल काढू. ही वरची रेघ म्हनजे वेल. उभ्या दांड्याचे देठ करतो, गोलाईचे पानं. नाव दिसत नाही. नवं नाव बाजूनं टाकून देतो.”

“करा कसंबी,” उत्तमराव म्हणाले आणि दुकानाच्या भिंतीला टेकून खाली बसले.

भागवतनं आपल्या हत्यारांच्या डब्यातून बारीक छिन्नी काढली. दगडावर तेलाचा थेंब सोडून तिला धार लावली. हल्ली हे काम कोणी मागत नसे. वाळूच्या पिशवीवर गुंड आडवा ठेवून त्यानं पहिला ठोका मारला, तसा गुंड गरकन फिरला आणि छिन्नी घसरली. त्यानं पुन्हा धरला. पुन्हा तेच.

“मी धरते,” अर्पिता म्हणाली. तिनं समोर उकिडवं बसून गुंड दोन्ही हातांनी दाबून धरला.

ठोके पडत राहिले. पितळेचा बारीक कीस उडून तिच्या मनगटाला चिकटत होता. ‘अ’चं पान झालं. ‘प’चा देठ झाला. ती मान वाकवून बघत होती.

“हे पान थोडं मोठं करा, भाऊ,” ती म्हणाली. “वेलांटी दिसून राह्यली.”

भागवतनं पान मोठं केलं.

उन्हं उतरेपर्यंत परात झाली, डबे झाले. प्रत्येक वेळी तीच भांडं धरत होती. शेवटी पोत्याच्या तळाशी एक लहानसा गडवा निघाला. भागवतनं हात पुढं केला. अर्पितानं गडवा दिला नाही.

“हा राहू द्या.”

“काऊन?” उत्तमराव भिंतीवरून मान न उचलता म्हणाले. “एकानं काय होते?”

“मले पानी प्याले लागन ना, बाबा.”

उत्तमराव गुडघ्यावर हात टेकून उठले आणि दुकानात गेले. एक नवा गडवा घेऊन आले आणि तो भागवतपुढं ठेवला.

“याच्यावर टाका योगिनी.”

अर्पिता दुकानाच्या माठाकडं गेली. आपला गडवा विसळला, भरला, उभ्यानंच प्याली. मग पुन्हा भरून तिनं तो वडिलांपुढं धरला.

“घ्या. सकाळपासून काही घेतलं नाही तुमी.”

उत्तमरावांनी गडवा घेतला. मान मागं टाकून ते वरून धार धरून पीत राहिले. धार बारीक झाली, थेंबांवर आली, थांबली. तरी त्यांनी गडवा चेहऱ्यासमोरून खाली घेतला नाही.