चाळिसावी बोर

पहिली बोर. पुखराजने तिच्या बुंध्यावर चुन्याची फुली मारली. ब्रश इतका दाबला की चुना मुळापर्यंत ओघळला.

मागे पाड्यावरचा लाकूडतोड्या वना उभा होता. पेट्रोलवर चालणारी करवत त्याने खांद्यावर टाकली होती.

"चालू करू का, शेठ?"

"आधी चाळीसच्या चाळीस फुल्या होऊ दे. मग एकदमच."

दुसरी. फुली.

हिरवं झाड तोडायचं म्हणजे पाप. पुखराज जैन माणूस, चातुर्मासात हिरवी भाजीसुद्धा खात नाही. महाराजांपुढे बसून प्रायश्चित्त घ्यावं लागणार. घेईन, तो स्वतःशीच म्हणाला. पण ही थट्टा आता पुरे.

तिसरी. फुली.

चोपड्यात त्याचं भांड्यांचं दुकान आणि इथे, सातपुड्याच्या पायथ्याशी, हा अडीच एकरांचा तुकडा. सहा वर्षांपूर्वी त्याने इथल्या रानबोरी छाटल्या, जळगावहून मेहरूणच्या बोरीच्या काड्या आणल्या आणि एकेका खुंटावर त्यांची कलमं बांधून घेतली. रानात खायला उरलं नाही. हरणांना निदान गोड बोरं तरी मिळावीत. बाजारात लोक विचारायचे, "काय शेठ, लागलं का हरणांचं गिऱ्हाईक?"

चौथी, पाचवी, सहावी. फुली, फुली, फुली.

फळ धरायला लागून हा तिसरा हिवाळा. दर रविवारी तो दिवस उगवायच्या आत यायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये दिवस मावळेपर्यंत बसायचा. समोर डोंगर. डोंगरावर हरणं आहेत, हे सगळ्यांना माहीत. एकदा, एकच एकदा बघायचं होतं. आपण लावलेलं कुणीतरी खाताना.

एकही आलं नाही.

सातवी ते एकोणिसावी.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? खाली पडलेलं कुणाला वाढू नये, हे त्याच्या घरचं वळण. म्हणून पाड्यावरच्या चमेलीबाईला रोजच्या झाडलोटीला ठेवलं. तिने पडलेली, किडकी बोरं झाडून लांब नेऊन टाकायची. झाडावरची पिकली बोरं वेचून धुवायची आणि प्रत्येक झाडाखाली एकेका परातीत मांडायची. पराती त्याच्याच दुकानातल्या, कोऱ्या स्टीलच्या. काठावर मशीनने नाव घातलेलं: हरणांसाठी. उन्हात त्या अशा चमकायच्या की शेडमधून बघतानाही डोळ्यांवर हात धरावा लागायचा. संध्याकाळपर्यंत बोरं सुरकुतायची. दुसऱ्या दिवशी नवी.

विसावी. चुना घट्ट झाला. त्याने बादलीत पाणी ओतलं. चमेलीबाई झाडू टेकून फुल्यांकडे बघत होती.

"शेठ, हाई काय मांडं?"

"हरणांना जाऊन विचारा. मला नका विचारू."

एकविसावी. बाविसावी. हात भरून आला. तेविसावी वाकडी झाली. तिसावीला ब्रशचे केस गळायला लागले. पस्तिसावीला त्याने ब्रशला शिवी दिली, आणि लगेच मनातल्या मनात त्या शिवीची क्षमा मागितली. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस.

चाळिसावी.

ही अगदी कोपऱ्यात, नाल्याच्या काठाला. पुखराजने ब्रश उचलला आणि खाली बघितलं. झाडाखाली उकिरडा. वाळका पाला, चेंदलेली बोरं, बिया.

"चमेलीबाई! हे काय आहे? हे झाडणं?"

ती कमरेवर हात ठेवून हळूहळू आली. "आठ दिन व्हयनात, कंबर धरेल शे, शेठ. या कोपरालोंग झाडू नही पोचना, ना परात."

"मग सांगायचं! असल्या घाणीत कोण येणार आहे खायला? मी एवढा—"

वना उकिडवा बसला होता. करवत त्याने बाजूला ठेवली होती. ओल्या मातीत त्याचं बोट एका खुणेवरून फिरत होतं. बदामासारखी, मधोमध चिरलेली खूण. तिच्या शेजारी दुसरी. मग कितीतरी. कडेला काळ्या बारीक लेंड्या.

"हरीनमधलं भेकर शे, शेठ," वना म्हणाला. "एक नही. दोन-तीन शेत."

"बकऱ्या असतील."

"बकरीनी पाला ठेवा असता का?" चमेलीबाई म्हणाली.

झाडावर पाला होता. खालच्या फांदीला एक पान कमी नव्हतं. फक्त खाली पडलेलं संपत आलं होतं. सडकं, किडकं, मातीत लोळलेलं.

पुखराजने मागे वळून बघितलं. एकोणचाळीस झाडं. त्यांच्याखाली अंगणासारखी लख्ख जमीन. एकोणचाळीस पराती चमकत होत्या.

"मी चांगलंच देत होतो," तो म्हणाला. "धुऊन देत होतो."

चमेलीबाईला हसू आलं, ते तिने पदराआड घेतलं.

"शेठ, तुम्ही त्याले पाहुणा समजीसन वाढतस. तो पाहुणा नही शे. तो चोर शे. त्याले पडेल लागस, आनि देखाले कोनी नको."

"कोणी म्हणजे..."

चमेलीबाई आणि वना शेडकडे बघू लागले. शेडमध्ये पुखराजची खुर्ची होती.

वनाने करवतीकडे हात करत विचारलं, "मंग, करवत?"

"घरी ने. आणि चमेलीबाई, उद्यापासून झाडू आणि पराती राहू द्या."

पुढच्या रविवारी चोपड्यात पहाटे राजकुंवरने, त्याच्या बायकोने, नेहमीप्रमाणे खाकऱ्यांचा डबा भरला. पुखराज अंथरुणात उठून बसला होता, पण खाली पाय टाकत नव्हता. बाहेर उजाडायला लागलं होतं.

"आज रानात जायचं नाही?"

"नाही," पुखराज म्हणाला. "आज तिथे हरणं येणार आहेत."