पानांची टोकं

अजून एक टोक करपलं होतं.

नीलमनं ते दोन बोटांत धरून पाहिलं. काल हिरवं होतं, आज तपकिरी, कुरकुरीत. तिनं बाटली उचलली आणि कुंडीतल्या पामच्या सातही रोपांवर फवारा मारला. फडकं ओलं करून खिडकीच्या गजावर टाकलं, कूलर वाढवला आणि खिडकीची उरलीसुरली फटही लावून घेतली. पाळण्यात पाच महिन्यांची संबोधी झोपली होती. नीलमनं तिच्या ओठांवरून करंगळी फिरवली. ओले होते. आज तरी.

रोपं आणली तेव्हा त्या करंगळीएवढीच होती. "याले ओली हवा लागते, ताई," नर्सरीवाला म्हणाला होता. "हवा सुकली का आधी पानाचं टोक बोलते." रोपांबरोबर तेवढं एक वाक्य तिनं घरी आणलं आणि कुंडी पाळण्याशेजारी ठेवली. पोरीला जे सांगता येत नाही ते पान सांगेल. रायपूरला नोकरीवर असलेला नवरा प्रीतम, हिवरखेडची सासू, डॉक्टर, सगळे फोनमध्ये होते. पान खोलीत होतं.

आणि पान रोज सांगत होतं. माहेरून अकोल्यात परत आल्याला अडीच महिने झाले, पण पोरीला घेऊन ती एकदाही जिना उतरली नव्हती. टोकं हिरवी होऊ देत, मग जाऊ.

दार वाजलं. खालच्या घरातल्या मनकर्णामावशी. उन्हं कलली की त्या रोज बोलवायला येत आणि नकार घेऊन दारातूनच परत जात. आज दार लोटून सरळ आत आल्या.

"अवं माय! खोली हाय का न्हाणी?" पदरानं त्यांनी गळा पुसला. "चाल, घे पोरीले. सगळ्या बसल्या हायेत ओट्यावर. लिंबाखाली चांगली झुळूक हाय."

"नको मावशी. हवा फार कोरडी आहे."

"तुले कोनं सांगतलं?"

नीलमनं कुंडीकडे बोट केलं. "टोकं बघा ना. दिवसातून आठ वेळा फवारते, तरी जळतात. एवढं भिजवलेलं पान टिकत नाही, तर ही..." तिनं पाळण्याची दोरी उगाच सरळ केली.

मावशी वाकल्या. एका पानावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरं पीठ लागलं. ते त्यांनी जिभेला लावलं.

"पानी कोन्तं मारून राहिली तू?"

"बोअरचं. नळ चौथ्या दिवशी येतो. ते पाणी मी हिच्यासाठी उकळून ठेवते."

"चाट."

"काय?"

"पान चाट म्हनतो ना. शिकेल बाई हायेस, मरत नाईस."

नीलमनं पान तोंडाशी नेलं. जिभेच्या शेंड्याला मीठ लागलं.

"खारं पानी हाय हे. ह्याच बोअरनं माहा कढीपत्ता मारला, दोन मोगरे मारले," मावशी म्हणाल्या. "हवेनं नाई जळत बाई हे. तुह्या फवाऱ्यानं जळून राहिलं."

नीलम खाटेच्या कडेवर बसली. दिवसातून आठ वेळा. अडीच महिने. करपलेलं दिसलं की आणखी एकदा.

"म्हणजे हवा..."

"हवेले काय झालं? हवा हवेवानी हाय. मंग येतेस?"

नीलमच्या तोंडी हो आलं होतं. पाळण्यात संबोधीनं हात झटकला, आणि ते परत फिरलं.

"एक नवं पान निघू दे, मावशी. ते हिरवं राहिलं की नक्की येते."

"कवा निघते ते?"

मधल्या रोपाचा मिटलेला कोंब नीलमनं निरखला. "महिना लागेल."

मावशींनी पदर खोचला आणि कुंडी दोन्ही हातांनी उचलली.

"मावशी, अहो!"

"तू बस मंग. पोरगी देत नाईस तं हे नेतो. या घरातलं कोनी तं खाली येऊ दे."

जिन्यावर त्यांची पावलं वाजली, मग वाजायची थांबली. नीलमनं खिडकी बोटभर उघडली. मग वीतभर.

खाली ओट्यावर बायका बसल्या होत्या. त्यांच्यात एक प्लास्टिकची खुर्ची रोज रिकामी असायची. खिडकीतून तिनं ती कितीदा पाहिली होती. आज त्या खुर्चीवर कुंडी होती. कुणीतरी घरातून नळाचं पाणी आणून तांब्यानं एकेक पान धूत होतं. मावशी काहीतरी बोलल्या आणि सगळ्या खळखळून हसल्या. वाऱ्यावर पानं हलत होती. तिचीच पानं.

वारा वर आला, खिडकीतून आत शिरला. संबोधी चुळबुळली. तिनं डोळे उघडले.

नीलम झटक्यानं वळली आणि सवयीनं पाळण्याशेजारी पाहिलं. तिथं फरशीवर कुंडीचं ओलं वर्तुळ होतं. तेही कडेकडेनं सुकत होतं. विचारायला कुणी नव्हतं.

पोरगी टकटक तिच्याकडे पाहत होती.

नीलमनं वाकून खाटेखाली हात घातला. चपला पार भिंतीशी गेल्या होत्या. ओढून काढल्या तर वर बोटं उमटावीत एवढी धूळ. खिडकीच्या गजावरचं ओलं फडकं तिनं घेतलं, आणि आधी एक पुसली.