हाताच्या मापाची पाटी

काउंटरवर तीन काळ्या पाट्या मांडल्या होत्या. एक वहीएवढी, एक ताटाएवढी आणि एक चांगली उशीएवढी. पाटीवर पेन फिरवलं की रेषा समोरच्या पडद्यावर उमटते, असं दुकानातल्या मुलीनं सांगितलं. लेकीनं फोनवर बजावलं होतं, पैसे मी भरते, पण माप बाबांनाच हात फिरवून ठरवू दे, नाहीतर वस्तू माळ्यावर जाईल. म्हणून पेंटरबुवा आणि त्यांची बायको दुकान उघडायलाच हजर झाले होते.

पेंटरबुवांनी आल्या आल्या निकाल दिला. छोटी बास झाली, उगाच हत्ती कशाला पोसायचा?

बायकोची हत्ती पोसायचीही तयारी होती. दुकानांचे बोर्ड छापून यायला लागले तसा यांनी ब्रश खाली ठेवला, तो ठेवलाच. दिवसभर भिंतीकडे बघत बसणारा नवरा तिला नको झाला होता. तिला तिचा पेंटर परत हवा होता, दुसरं काही नाही. काय दिवस होते ते! शिडीवर हे, खाली डबे घेऊन ती. बाह्यरेषा यांची, आतला रंग तिचा. रेषेला हात लावायची कुणाची टाप नव्हती, तिचीसुद्धा नाही. खांद्यापासून हात फिरवून हे अक्षराचं पोट एका दमात काढायचे आणि जाणारे-येणारे सायकल थांबवून बघत राहायचे. रात्री जेवायला बसलं तरी दोघांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास यायचा. तो वास अजून कुठं आला की तिला गलबलून येई.

पेंटरबुवांनी छोट्या पाटीवर पेन टेकवलं आणि एक साधी आडवी रेषा ओढली. पडद्यावर करवतीचे दात उमटले.

पेनच भिकार आहे, ते म्हणाले. मुलीनं पेन बदलून दिलं. पुन्हा करवत. छोट्या पाटीवर हात बोटभर हलला की पडद्यावर वीतभर जातो, मुलगी समजावत होती, मोठीवर तेवढं होत नाही. तिनं मधली पुढं केली, मग मोठी. दात बोथट झाले, पण गेले नाहीत.

आता बायकोनं पडदा सोडून हाताकडे पाहिलं. अलीकडे कपबशी सोडून हे पेल्यातून चहा प्यायला लागले होते, दोन्ही हातांनी पेला धरून. थंडी वाजते म्हणायचे, आणि तीही खुळी, खरं मानत आली. म्हणजे ब्रश छपाईवर रुसून ठेवला नव्हता तर. एका घरात राहून पत्ता लागू दिला नाही, याचा तिला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"झालं वर्ष-दीड वर्ष," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तुझाही धीर खचला असता."

दुकानातली मुलगी भली होती. रेषा आपोआप सरळ करून देणारी सोय यात आहे, म्हणाली. पेंटरबुवांनी मान हलवली. मग ती रेषा यंत्राची झाली, म्हणाले, आणि उठायला लागले.

बायकोनं त्यांची बाही धरली. "बसा. आलोय तर घेऊनच जाऊ."

ते पुन्हा टेकले. मग त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

"काढ. मनगट नको, खांद्यापासून."

आयुष्यात तिनं कधी बाह्यरेषा काढली नव्हती. छोट्या पाटीवर हात फिरायच्या आत पाटी संपली. मधलीवर पेन काठाला आपटलं. पेंटरबुवांनी मोठी पाटी तिच्या हाताखाली सरकवली. तिनं श्वास रोखून हात फिरवला आणि पडद्यावर अक्षराचं पोट म्हणून एक कललेला भोपळा उमटला. मुलीला हसू आवरेना. बायको ओशाळून पेन खाली ठेवायला लागली.

पेंटरबुवा त्या भोपळ्याकडे टक लावून बघत होते.

"वाकडं आहे," ते म्हणाले. "पण थरथर नाही."

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मुलीला म्हणाले, "मोठीच बांध. आणि यात रंग कसा भरतात, तेवढं मला दाखव."