मावशींचं दार

बेल वाजली तेव्हा मावशी नुकत्याच ड्यूटीवर आल्या होत्या. जेवणाचा डबा बाकावर आदळून त्या कोपऱ्यातल्या खोलीकडे धावल्या.

श्वासातून पसरणाऱ्या साथीचे रोगी या खोलीत ठेवत. कुणाचं हृदय थांबलं की बेल वाजे आणि चार माणसं धावत येत. चारच. पूर्वी अख्खा मजला आत लोटायचा. एक जण छाती दाबायचा, दहा जण बघायचे आणि आठवड्याभरात त्यातले सहा स्वतःच खाटेवर पडलेले असायचे. मोठ्या सिस्टरांनी तो सगळा गोंधळ मोडून काढला. आत चार, दार बंद आणि दाराबाहेर एक माणूस. त्याने होकार दिल्याशिवाय खुद्द मोठ्या डॉक्टरांनीही आत पाऊल टाकायचं नाही.

तो माणूस म्हणजे मावशी. तीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला सिस्टरांनी दारावर उभं केलं, तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "ह्यांच्या नजरेतून केराचा कण सुटत नाही, मास्कची फट काय सुटणार?"

"टोपी. मास्क. चष्मा. वळा, गाठ बघू," मावशी म्हणाल्या.

"मावशी, लवकर!" तरुण डॉक्टर धापा टाकत होता.

"लवकरच करतेय. हातमोजे दोन-दोन घाला."

कीटमध्ये सगळे सारखेच दिसतात, म्हणून मावशींनी प्रत्येकाच्या छातीवर मार्करने आकडा काढला. मिनिटाच्या आत चौघं आत गेले. दार लागलं आणि मावशी दाराला पाठ करून उभ्या राहिल्या. हासुद्धा सिस्टरांचाच नियम. दारावरच्याने आत बघायचं नाही, कारण नजर आत गेली की मनही आत जातं.

आत खरा रोगी आहे की सराव चालू आहे, हे मावशींना ठाऊक नसे. महिन्यातून एकदा कधीतरी, न सांगता, खाटेवर रबरी बाहुला असायचा. बेल तीच, धावपळ तीच. आणि मग सिस्टर स्वतः साध्या कपड्यांत रोग्याची नातेवाईक बनून दारावर यायच्या. रडायच्या, हात जोडायच्या, वाट्टेल ते करायच्या.

गेल्या खेपेला मावशी तिथेच फसल्या होत्या. "माझे यजमान आहेत हो आत, एकदाच बघू द्या," म्हणत सिस्टरांनी असा काही टाहो फोडला, की मावशींचा हात सैल पडला. सिस्टर दार ढकलून आत गेल्या आणि लगेच डोळे पुसून वळल्या.

"नापास. तुमच्या मायेपायी आज पाच जण आजारी पडले असते, मावशी. पुन्हा असं झालं तर दारावर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दोन दिवस मावशींना अन्न गोड लागलं नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या हाती पोछ्याऐवजी अधिकार दिला होता. तो त्यांना गमवायचा नव्हता.

व्हरांड्यात पावलं वाजली. आल्याच सिस्टर. आज तर त्यांची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशीही सराव घ्यायला येते, धन्य आहे बाई, असं मावशींच्या मनात आलं. या वेळी तयारीही जोरदार होती. केस अर्धवट विंचरलेले, मास्क हनुवटीखाली आणि पायात घरातल्या सपाता, त्याही दोन वेगवेगळ्या. हिला नाटकात घ्यायला हवं होतं.

"मावशी, सोडा मला."

"तिथेच थांबा."

"मावशी, हे आहेत आत. सकाळी चांगले बोलत होते माझ्याशी. सोडा!"

पुन्हा यजमानच? मावशींना हसू येणार होतं, पण त्यांनी ओठ दाबले. सिस्टरांची दोन्ही मनगटं त्यांनी घट्ट धरली.

"कीट नाही तर प्रवेश नाही. आतली चौघं तुमच्याच माणसासाठी झटतायत. तुम्ही अशा आत गेलात तर त्यांचे हात थांबतील. मग त्याला कोण वाचवणार?"

हे वाक्य सिस्टरांनीच घोटून घेतलं होतं.

सिस्टरांनी एक हिसडा दिला. मावशी तसूभरही हलल्या नाहीत. मग अचानक सिस्टर थांबल्या. त्यांनी मास्क वर ओढला आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या मागे गेल्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. भिंतीला कपाळ टेकून त्या पुटपुटू लागल्या. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पुन्हा एकपासून. आत छाती दाबणाऱ्याच्या लयीत त्या मोजत होत्या. मावशींना त्यांचं मनापासून कौतुक वाटलं. एवढ्या शिस्तीने काम करणारी बाई त्यांनी दुसरी पाहिली नव्हती.

अकरा मिनिटांनी दारावर आतून टकटक झाली. "नाडी लागली! नळीही नीट बसलीय!"

सिस्टरांनी मोजणं थांबवलं. मग वळून म्हणाल्या, "मावशी, कीट द्या."

मावशींनी त्यांना सगळं चढवलं. गाल ओले होते, मास्क बसेना. मावशींनी कापसाने ते टिपले, नाकावरची पट्टी दाबली, गाठ पुन्हा बांधली आणि छातीवर पाच आकडा काढला.

"काय सिस्टर, पास ना मी?"

सिस्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग हातमोज्यातल्या हाताने त्यांनी मावशींचा हात दाबला.

"पास. पैकीच्या पैकी."

त्या आत गेल्या. मावशींची मान ताठ झाली. घरी जाऊन कधी एकदा सुनेला सांगते असं त्यांना झालं.

काही वेळाने तरुण डॉक्टर कीट उतरवून, घामाने निथळत बाहेर आला. मावशी बादली आणि फडकं घेऊन तयारच होत्या.

"द्या आता तो बाहुला बाहेर. पुसून कपाटात ठेवते."

"बाहुला?" डॉक्टर गोंधळला. "तो तर परवाच दुरुस्तीला गेलाय, मावशी. आत सिस्टरांचे यजमान आहेत."